वामनवृक्षाचा घाट

कुंडीतले लहान झाड बोन्साय आहे की नुसते खुरटलेले रोप, हे त्याच्या उंचीवर ठरत नाही, घाटावर ठरते. हातभर उंचीच्या झाडाकडे पाहताना ऊनपाऊस सोसलेला जुना वृक्ष दुरून पाहिल्यासारखा वाटला, तर बोन्साय साधले. खोडाची रेषा, मुळांची पकड, फांद्यांची मांडणी आणि कुंडीचा आकार यांच्या मेळातून हा भास होतो. अशा मेळाचे जे ठरलेले प्रकार आहेत, त्यांना बोन्सायच्या शैली म्हणतात. शैली निवडणे ही या कलेतली पहिली पायरी, आणि बहुतेक रोपे बिघडतात ती याच पायरीवर. नवा शौकीन चित्रातली एखादी शैली पसंत करतो आणि हाताशी असलेले रोप तिच्यात बसवू पाहतो. खरा क्रम उलटा आहे. आधी झाड नीट पाहायचे, मग त्याला शोभणारी शैली ठरवायची.

तबकात झाडे वाढवण्याची कला मूळची चीनमधली. तांग घराण्यातील चांगह्वाय या राजपुत्राच्या इ. स. ७०६ च्या थडग्यात एक भित्तिचित्र आहे. त्यात छोटे दगड आणि रोपे मांडलेले तबक हातात घेऊन चाललेले सेवक दिसतात. पुढे ही कला जपानात गेली. तिथल्या १३०९ मधील ‘कासुगा गोंगेन गेन्की’ या पटचित्रातही तबकातली झाडे आहेत. टोकियो परिसर १९२३ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झाल्यावर तिथले काही माळी शहराबाहेर ओमिया येथे जाऊन राहिले आणि १९२५ मध्ये बोन्सायचे एक गावच वसले. आज जगभर चालणारी शैलींची नावे जपानी आहेत, कारण हे शास्त्र बांधून काढले ते जपान्यांनी.

या नावांमागे जपानचा निसर्गही आहे. तिथल्या डोंगरांवरच्या पाइनच्या फांद्या दर हिवाळ्यात बर्फाच्या भाराने खाली झुकतात, म्हणून जपानी पद्धतीच्या जुन्या झाडाच्या फांद्या खाली उतरत्या ठेवतात. खाली झुकलेली फांदी ही तिथे वयाची खूण आहे. उलट, मध्य प्रदेशातल्या माळव्यात बर्फ पडत नाही. माळव्यातली जुनी चिंच पाहिली तर तिच्या जाड फांद्या आधी वर चढतात, मग बाहेर पसरतात आणि फक्त त्यांची टोके खाली ओघळतात. चिंचेच्या फांद्या तारेने बांधून पाइनसारख्या खाली ओढल्या, तर झाड तंत्राने निर्दोष दिसेल, पण चिंचेचे दिसणार नाही. शैली निवडताना पहिली विचारण्याची गोष्ट हीच: हे झाड आपल्या मुलखात म्हातारे होते तेव्हा कसे दिसते?

हा प्रश्न विचारायला हाटपिपल्यासारखे गाव योग्य आहे. देवास जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाच्या नावातच हाट, म्हणजे आठवडी बाजार, आणि पिंपळ हे दोन्ही आहेत. माळव्यात पिपल्या किंवा पिपलिया नावाची गावे जागोजाग सापडतात, इतके हे झाड त्या मुलखाच्या अंगवळणी पडले आहे. काळी जमीन, चाळिशीपार जाणारा एप्रिल-मे, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आणि बऱ्यापैकी थंड हिवाळा अशी इथली हवा. गावात आणि शिवारात पिंपळ, वड, चिंच, कडुनिंब, बाभूळ, बोर आणि पळस दिसतात. पश्चिमेला धार जिल्ह्यातल्या मांडूला गेले की त्यांत गोरखचिंचेची भर पडते. जपानी पुस्तकातल्या पाइन, मेपल, झेल्कोवा यांपैकी यात एकही नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

हातातले रोप पाहायला सुरुवात मुळांपासून करावी. वरच्या थरातली माती बोटाने किंवा बांबूच्या काडीने हळूच बाजूला करून बुंध्यापाशी मुळे कशी फुटली आहेत ते पाहावे. या दिसणाऱ्या मुळांच्या पसाऱ्याला जपानीत नेबारी म्हणतात. मुळे चारी बाजूंनी चाकाच्या आऱ्यांसारखी पसरली असतील, तर झाड उभ्या शैलीला योग्य. एकाच बाजूला जोरकस मुळे असतील, तर खोड तिच्या विरुद्ध बाजूला कलते घ्यावे. कलत्या झाडाला निसर्गातही तशीच मुळे धरून ठेवतात. मुळे लांब, गुंतलेली आणि बुंध्याजवळ पसारा नसलेली असली, तर ते रोप टाकाऊ ठरत नाही. दगडावर बसवण्यासाठी असेच रोप लागते. बुंध्याची फुगीर बैठकच नसलेले झाड उभ्या शैलीत कितीही छाटले तरी खांब रोवल्यासारखे दिसते, हे आधीच ओळखलेले बरे.

मग खोड. खोड खाली जाड आणि वर निमुळते होत गेले पाहिजे. फांद्या नव्या फुटतात, पाने दर वर्षी येतात, पण अंगठ्याहून जाड झालेल्या खोडाचे खालचे वळण सहसा बदलता येत नाही. म्हणून शैलीचा निर्णय खोडाच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याने जवळजवळ दिलेलाच असतो. कुंडी डोळ्यांच्या उंचीवर ठेवून सावकाश फिरवावी आणि मुळांची बैठक व खोडाची रेषा सगळ्यात चांगली दिसते ती बाजू समोरची ठरवावी. पहिली कात्री त्यानंतर. समोरची बाजू न ठरवता छाटलेल्या झाडाची उपयोगी फांदी हमखास कापली जाते, आणि कापलेली फांदी पुन्हा येण्यात दोन-तीन वर्षे जातात.

तिसरी गोष्ट पानाची. कुंडीत पान लहान होते, पण काही मर्यादेपर्यंतच. सागाचे खोड सरळ असते. देवास आणि सीहोर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या खिवनी अभयारण्यात ते भरपूर दिसते. तरीही त्याचे बोन्साय होत नाही, कारण त्याच्या एकेका पानाने सगळे झाड झाकले जाईल. चिंच आणि बाभूळ यांची बारीक पर्णिका इथे वरदान ठरते. वडाचे पान मोठे आणि जाड असल्याने दीड-दोन फुटांपेक्षा लहान वड करू नये. त्याहून लहान हवा असेल तर नांद्रुक किंवा पायर घ्यावी.

आता शैलींकडे वळता येईल. सगळ्यात कडक शैली म्हणजे चोक्कान, सरळ उभी. खोड ताठ, शेंडा नेमका बुंध्याच्या वर, खालचा सुमारे एक तृतीयांश भाग मोकळा, मग एक फांदी डावीकडे, एक उजवीकडे, एक मागे आणि वर जाताना प्रत्येक फांदी आधीच्यापेक्षा आखूड. ऐकायला सोपी वाटणारी ही शैली सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यात दोष लपवायला वळणच नसते. आपल्याकडची बहुतेक झाडे अशी वाढतही नाहीत. नवशिक्याने तिच्या वाटेला न गेलेले बरे.

मोयोगी, म्हणजे वळणदार उभी शैली, सगळ्यांत जास्त झाडांना शोभते. खोड नागमोडी चढते, पण शेंडा पुन्हा बुंध्याच्या रेषेत येतो, म्हणून झाड हलते आणि तोलही राखते. इथे एक नियम पाळावाच लागतो. फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला हवी. आतल्या अंगाला फुटलेली फांदी खोडाच्या खोबणीत अडकल्यासारखी दिसते. चिंच, डाळिंब, बोर आणि कामिनी या शैलीत सुरेख होतात. चिंचेला तर खोडाच्या भेगाळलेल्या सालीमुळे लवकर वय येते. वाटेल तितके चिंचोके मिळत असल्याने प्रयोगाला रोपांची कमी पडत नाही. वळण कोवळेपणीच द्यावे. चिंचेचे पिकलेले लाकूड टणक असते. तारेने वाकवायला गेले की मोडते.

खोड सरळ थोडे चढून एकाच ठिकाणाहून अनेक फांद्या पंख्यासारख्या फुटतात, त्या डेरेदार शैलीला जपानीत होकिदाची म्हणजे केरसुणीची शैली म्हणतात. जपानात ती मुख्यतः झेल्कोवासाठी वापरतात. रस्त्याकडेचा कडुनिंब किंवा भरदार चिंच नजरेसमोर आणली, तर तिचे माळवी रूप कळते. पर्णसंभार नुसता गोल ठेवला की छत्रीसारखा दिसतो. आतल्या फांद्या मधूनमधून दिसतील इतक्या फटी ठेवाव्या लागतात.

पिंपळाकडे मात्र थांबून पाहिले पाहिजे, कारण हाटपिपल्याच्या या झाडावर बोन्सायमध्ये सगळ्यांत जास्त अन्याय होतो. पिंपळाचे पान लांब देठाचे आणि शेपटीसारख्या टोकाचे, दोन पानांमधले अंतर मोठे, वाढ झपाट्याची. नेटक्या थरांच्या उभ्या शैलीत त्याला कोंबले की थर दोन महिन्यांत विस्कटतात आणि शौकीन कात्री घेऊन बसतो. उत्तर पिंपळाच्या जन्मात आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी भिंतीच्या फटीत, देवळाच्या शिखरावर, किल्ल्याच्या बुरुजावर पडते. मूठभर चुन्यामातीवर ते रुजते आणि मुळे दगडावरून उतरत जमिनीचा शोध घेतात. मांडूच्या पडक्या भिंतींवर, माळव्यातल्या कोणत्याही जुन्या गढीवर हे दृश्य आहे. दगड कवेत घेतलेली मुळे हेच पिंपळाचे खरे रूप. जपानी शास्त्रात त्यासाठी शैली तयारच आहे: सेकिजोजु, दगडावरून उतरणाऱ्या मुळांची.

ती साधण्याची रीत अशी. खाचा-भेगा असलेला, ठिसूळ नसलेला काळा दगड निवडावा. माळव्यात तो शोधावा लागत नाही. लांब मुळांचे रोप पावसाच्या तोंडावर मोकळे करून मुळे दगडाच्या खाचांतून खाली सोडावीत, सुतळीने किंवा कापडाच्या पट्टीने घट्ट बांधावीत आणि दगडासकट सगळे खोल कुंडीत रेताड मिश्रणात पुरावे. मुळांची टोके दगडाखालच्या मातीत पोचली पाहिजेत. वर्ष-दोन वर्षे त्याला हात लावू नये. मग वरची माती थोडी थोडी उतरवत मुळे उघडी करावीत. उजेड आणि हवा लागली की त्यांच्यावर साल धरते. एकदम सगळी मुळे उघडी केली तर कोवळी मुळे वाळतात, आणि माळव्याच्या मे महिन्यात काळा दगड तापून ती भाजतातही. पहिल्या उन्हाळ्यात दुपारची सावली आणि दगडाभोवती ओले गोणपाट एवढे करावेच. मुळांनी दगड नीट धरला की पाने थोडी मोठी असली तरी खटकत नाहीत, कारण नजर आधी मुळांवर जाते. पान लहान करायचे असेल, तर निरोगी झाडाची पाने पावसाळ्याच्या आरंभी देठ ठेवून कापावीत. नवी पाने लहान येतात. वर्षातून एकदाच, आणि अशक्त झाडावर कधीच नाही.

पिंपळाचा भाऊ वड, पण घाट वेगळा. वड उंचीपेक्षा रुंदीने ओळखला जातो. नर्मदेच्या पात्रात भडोचजवळ असलेला कबीरवड असो की हावड्याच्या वनस्पती उद्यानातला महावड, दुरून पाहणाऱ्याला एक झाड नव्हे, वन दिसते. महावडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, आणि झाड आजही पारंब्यांवर उभे आहे. वडाची सगळी शैली या एका गोष्टीत आहे. पारंबी इथे शोभेची झालर नाही, ते उद्याचे खोड आहे. म्हणून वडशैलीत एक जाड बुंधा, आडव्या पसरलेल्या लांब फांद्या, सपाटीकडे झुकणारा माथा आणि जमिनीत शिरलेल्या निवडक पारंब्या हव्यात. झाडाची रुंदी उंचीपेक्षा जास्त ठेवावी.

माळव्यात अडचण हवेची आहे. पारंबी दमट हवेत फुटते. मार्चपासून जूनपर्यंतच्या कोरड्या वाऱ्यात तिचे टोक करपते. त्यामुळे पारंब्यांचे काम पावसाळ्यात करावे. हव्या त्या जागी फुटलेली पारंबी प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीत घालून नळीचे खालचे टोक मातीत खोचावे. नळीतला ओलावा तिला वाळू देत नाही. मातीत शिरली की ती भराभर जाड होते. सगळ्या पारंब्या ठेवण्याचा मोह आवरावा. चार-पाच चांगल्या, वेगवेगळ्या जाडीच्या आणि खोडापासून कमीजास्त अंतरावरच्या पारंब्या पुरतात. समोर येऊन बुंधा झाकणारी पारंबी कितीही जाड झाली तरी कापावी.

वडाच्या रोपासाठी एक सोय सणातच आहे. माळव्यातल्या हिंदी भाषक घरांत वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला होते, मराठी घरांत ज्येष्ठ पौर्णिमेला. शहरांत या दिवसांत वडाच्या तोडलेल्या फांद्या पूजेला आणतात आणि दुसऱ्या दिवशी त्या कचऱ्यात जातात. अंगठ्याएवढी जाड फांदी पाने कमी करून रेताड मातीत सावलीत लावली, तर पावसाच्या हवेत ती मुळे धरू शकते. झाडे तोडण्याची ही रूढी थांबावी हेच बरे. पण तोडलेली फांदी निदान वाया जाऊ नये.

गोरखचिंच हा मांडूचा दागिना. मूळची आफ्रिकेतली ही झाडे मांडूत शतकानुशतके उभी आहेत, आणि त्यांची मोठी फळे तिथे ‘मांडू की इमली’ किंवा ‘खुरासानी इमली’ म्हणून विकली जातात. पिंपासारखे खोड, त्यावर अचानक सुरू होणाऱ्या आखूड, जाड फांद्या, आणि वर्षाचा बराच काळ निष्पर्ण. जपानी शैलींपैकी एकीतही हे झाड बसत नाही. त्याला त्याच्याच घाटात वाढवावे लागते. बी भिजवून रुजवावे, पहिल्या वर्षीच सोटमूळ छाटावे म्हणजे बुंधा आडवा फुगतो, आणि फांद्या आखूड राखाव्यात. खोडात पाणी साठलेले असते. पाने गळून गेल्यावर नेहमीसारखे पाणी घालत राहिले तर ते कुजते. पानगळीत कुंडी जवळजवळ कोरडी राहू द्यावी. बोन्सायला रोज पाणी हवेच, असा नियम पाठ केलेल्यांच्या हातून हे झाड जाते.

आपल्या मुलखातल्या झाडांवरून नव्या शैली बांधता येतात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या बोन्सायकारांनी दाखवून दिले आहे. चार्ल्स सेरोनिओ यांनी तिथल्या गवताळ रानातल्या बाभळींवरून पिएरनीफ ही उघड्या छत्रीची शैली मांडली. तिला नाव मिळाले ते अशी झाडे रंगवणाऱ्या पिएरनीफ या चित्रकारावरून. सपाट माथ्याची, गोरखचिंचेची आणि रानउंबराची अशा आणखी शैलीही त्यांनी नोंदवल्या. माळव्याच्या शेतबांधावरची बाभूळ याच घाटाची आहे, फक्त तिला कोणी नाव दिलेले नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला येऊन राहिले आणि पुढे माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग घडवले. रागांचे शास्त्र मोडले नाही, त्यात माळव्याचा सूर आला. बोन्सायमध्ये ते काम अजून व्हायचे आहे. पुण्यात २०१८ च्या फेब्रुवारीत ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय संमेलन भरण्याइतकी ही कला मराठी मुलखात रुजली आहे. आता बाभळीच्या, पिंपळाच्या, गोरखचिंचेच्या घाटांना नावे मिळायला हवीत.

उरलेल्या शैलींपैकी काहींचे काम थोडक्यात भागते. कलती शैली, शाकान, ही उभ्या शैलीत न बसणाऱ्या सरळसोट रोपांची सुटका आहे: खोड कलते लावून पहिली जोरकस फांदी कलाच्या विरुद्ध दिशेला घेतली की तोल साधतो. झुकती शैली, केंगाई, कड्यावरून खाली लोंबणाऱ्या झाडाची. मांडूच्या काकडा खोह या दरीच्या कडेला आणि विंध्याच्या उतारांवर तिचे नमुने पाहायला मिळतात. तिच्यात झाडाचे टोक कुंडीच्या बुडाच्याही खाली जाते, म्हणून कुंडी उंच आणि जड लागते. झाडाचा स्वभाव वर जाण्याचा असल्याने खाली नेलेली फांदी हळूहळू अशक्त होते. यासाठी बोगनवेलीसारखे वेलीच्या स्वभावाचे झाड घ्यावे. वाऱ्याने एका बाजूला वळलेल्या झाडाची शैली कोकण किनाऱ्यावर शोभते. देवासजवळ जामगोदराणीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात एवढा वारा आहे खरा, पण माळव्याची झाडे त्याने वाकलेली दिसत नाहीत. चिनी विद्वान चित्रकारांच्या रेखाटनांवरून आलेली बुंजिंगी, उंच सडपातळ खोडाची आणि टोकाला चारच फांद्या असलेली, फार सुंदर. पण वड-पिंपळाच्या जाड प्रकृतीला ती मानवत नाही. वाळक्या, सोललेल्या लाकडाचे जे काम जुनिपरवर केले जाते, ते वड-पिंपळावर टिकत नाही, लाकूड कुजते. खुद्द जुनिपर थंड हवेचे झाड आहे. मैदानी उन्हाळ्यात ते जगवण्यात वर्षे घालवण्यापेक्षा तीच वर्षे पायरीला द्यावीत.

जुळ्या खोडांची शैली, सोकान, मात्र देवासकरांना समजावून सांगावी लागणार नाही. एका मुळातून दोन खोडे निघतात, एक मोठे आणि एक लहान. पवारांच्या देवासची दोन भावांत थोरली पाती आणि धाकटी पाती झाली तसेच हे. फरक इतकाच की बोन्सायमध्ये थोरलेपण डोळ्यांना दिसावे लागते. दोन्ही खोडे सारख्याच जाडीची व उंचीची असतील तर नजर कुठेच ठरत नाही. खोडे अगदी खालूनच दुभंगलेली हवीत; वीतभर वर फुटलेली जोडी गुलेरीच्या बेचक्यासारखी दिसते.

हाताशी फक्त बारीक, निरस रोपे असतील तर वनशैली, योसे-उए, घ्यावी. एकेकटे काहीच न वाटणारे रोप समूहात झाड होते. रोपे विषम संख्येत घेतात. सगळ्यांत जाड आणि उंच झाड मध्याच्या थोडे बाजूला, इतर कमीजास्त अंतरावर, आणि समोरून पाहताना कोणतीही तीन खोडे एका ओळीत येऊ द्यायची नाहीत. जॉन नाका या जपानी वंशाच्या अमेरिकन कलावंताचे ‘गोशिन’ हे अकरा जुनिपरांचे वन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्ष उद्यानात आहे. त्यातले एकेक झाड त्यांच्या एकेका नातवंडाचे. माळव्यात हे काम चिंचेच्या दोन-तीन वर्षांच्या रोपांवर उत्तम होते. नवशिक्यासाठी यासारखी दुसरी शैली नाही: एखादे रोप मेले तरी वन राहते.

शैली ठरली की कुंडीही ठरते. उभ्या झाडाच्या तबकाची लांबी साधारण झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी धरतात. वड आणि वनशैलीला पसरट, उथळ तबक, झुकत्या शैलीला उंच कुंडी. मात्र अगदी उथळ तबक माळव्याच्या मे महिन्यात काही तासांत वाळते, तेव्हा पुस्तकातल्या मापापेक्षा बोटभर खोली जास्त ठेवावी. गावच्या काळ्या मातीचा मोह टाळावा. शेतात ती सोने आहे, पण कुंडीत पावसात चिकट होऊन मुळे गुदमरवते आणि उन्हाळ्यात भेगाळून त्यांना तोडते. विटांचा चाळलेला चुरा, जाड रेती आणि कुजलेले पानखत यांचे मिश्रण वापरावे. बारीक धूळ चाळून फेकून द्यावी.

तारेबाबत एवढेच सांगता येईल की वड-पिंपळ पावसाळ्यात इतके भराभर जाड होतात की दीड-दोन महिन्यांत तार सालीत रुतते. दर आठवड्याला पाहावे आणि रुतायच्या आधी कापून काढावी. उलगडत बसल्यास फांदी मोडते. या कुळातल्या झाडांना तारेपेक्षा दक्षिण चीनमधली लिंगनान पद्धत जास्त मानवते. फांदी मोकळी वाढू द्यायची, जाड झाली की आखूड कापायची, हव्या त्या दिशेच्या डोळ्यातून नवी फांदी घ्यायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. वेळ लागतो, पण वळणे खरी दिसतात. बुंधा जाड हवा असेल तर रोप दोन-तीन वर्षे जमिनीत लावून त्याच्या मुळांखाली एक कौल किंवा फरशीचा तुकडा ठेवावा. खाली जायला वाट न मिळाल्याने मुळे आडवी पसरतात.

रोप कुठून आणावे, याचे उत्तर प्रत्येक गावातल्या गच्चीवर आहे. रानातली जुनी झाडे बोन्सायसाठी उकरू नयेत. त्यातली बहुतेक मरतात आणि वनजमिनीवर तो गुन्हाही आहे. उलट भिंतीच्या फटीत, गच्चीच्या कठड्यात, पाण्याच्या टाकीखाली उगवलेले पिंपळ दर पावसाळ्यात हजारोंनी उपटले जातात, कारण ते राहिले तर भिंत फोडतात. फटीत वर्षानुवर्षे छाटले गेल्याने त्यांचा बुंधा जाड, वाकडा आणि मुळे दगडाला सवयीची झालेली असतात. ज्या शैलीसाठी मुद्दाम पाच वर्षे खपावे लागते, तिची अर्धी तयारी भिंतीने करून ठेवलेली असते. हाटपिपल्यातल्या आणि इतर गावांतल्या घरमालकांनी या जूनमध्ये गच्चीतला पिंपळ नुसता ओढून फेकू नये. चांगला पाऊस पडून भिंत ओली झाल्यावर, मुळाभोवतीचा गिलावा छिन्नीने मोकळा करून, जमेल तेवढ्या मुळांसकट तो काढावा, ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी रेतीत लावावा आणि सावलीत ठेवावा. नवी पाने येईपर्यंत शैलीचा विचारही करू नये.